रुमालाखाली

बाबांचा हात रुमालाखाली गेला की
सारंगखेड्याच्या बाजारात दोन माणसं गप्प व्हायची.
अंगठा दाबला, मधलं बोट सोडलं,
तर्जनीवर दोनदा टकटक,
घोडा विकला गेला.
वर चेहऱ्यावर काही नाही,
गिरासे दलाल जणू तापीचा पूल मोजताहेत.

घोडा त्यांचा नव्हता. पैसाही नव्हता.
शंभराला दोन, ते ओळखीचे.

मी शहाद्यात, वरच्या खोलीत,
पाटीवर उभ्या केलेल्या फोनसमोर
बामणोदचं वांगं भाजते.
गॅसवर ठेवायची जाळी,
तीनशे एकोणपन्नास रुपये,
व्हिडिओखाली लिंक.

"हाई काय शे?"
म्हटलं, जाळी माझी नाही, दुकान माझं नाही,
गोदाम कुठल्या गावी तेही ठाऊक नाही.
पण लिंकेच्या शेपटीला माझा नंबर बांधलाय.
कुणी तिच्यावर बोट ठेवून आत गेलं
की दारातच टिपून घेतात,
हा मोहिनीकडून आला.
चोवीस तास लक्षात ठेवतात.
तेवढ्यात त्यानं जाळी घेतली,
नाहीतर जाळी राहिली आणि चप्पल घेतली,
तरी टक्का माझा.
पंचविसाव्या तासाला घेतली
तर तो कोण, मी कोण.

बाबा बराच वेळ फोनकडे बघत राहिले.
"म्हणजे रुमाल कंपनीचा."

पहिल्या महिन्यात बाराशे जणांनी वांगं पाहिलं,
चाळिसांनी बोट ठेवलं,
तिघांनी जाळी घेतली,
एकानं परत धाडली.
चौतीस रुपये नव्वद पैसे.
तेही माल परतीची मुदत संपेपर्यंत अडकलेले,
आणि हजार भरल्याशिवाय बँकेत येत नाहीत.
मला वाटलं हसतील.
"घोडंसुद्धा आठ दिवस बघायला न्यायचे," म्हणाले,
"लंगडलं तर दलाली परत."

दोंडाईच्याचा एक मुलगा
घरबसल्या महिना लाखाचा क्लास घेतो,
फी चार हजार नऊशे नव्व्याण्णव.
मी भरणार होते. आईच्या डब्यात तेवढे होते.
बाबांनी एवढंच विचारलं,
तो स्वतः काय विकतो?
मी शोधलं. क्लासच विकत होता.
"घोडा नाही त्याच्याकडं.
बाजाराचा रस्ता विकतोय."

मग एका रात्री, जेवताना, भाकरी मोडत,
"व्हिडिओत मध्येच हात का झटकलास?"
तेवढा तुकडा मी कापला होता.
नीट कापला गेला नव्हता.
जाळीची मूठ तापते, मी सांगितलं.

एक पंचकल्याणी घोडी होती म्हणे.
सगळी लक्षणं शुभ, फक्त पाणी दिसलं की अडायची.
बाबांनी गिऱ्हाइकाला सांगून टाकलं. सौदा मोडला.
आई दोन दिवस बोलली नाही.
"मग पुढच्या वर्षी तो तुम्हालाच शोधत आला असेल?"
"नाही आला.
दुसऱ्या दलालानं घोडी दुसऱ्याला विकली,
आणि ती भर यात्रेत पुलाच्या तोंडाशी बसली.
ते मात्र सगळ्यांनी पाहिलं."

मी पुन्हा वांगं आणलं.
मूठ तापते, फडकं घ्या, असं बोलले.
आणि तुम्ही इथून घेतलीत तर
मला थोडे पैसे मिळतात, हेही.
या वाक्याला सात वेळा अडखळले,
आठव्यांदा वांगंच करपलं.

गेल्या मंगळवारी दारात मोठं खोकं आलं.
आत सहा जाळ्या. नाव गुलाबसिंग गिरासे.
शेजारच्या पोराकडून माझी लिंक उघडवून घेतली होती त्यांनी.
कसं सांगावं कळेना.
घरच्या खरेदीवर टक्का देत नाहीत बाबा,
पकडलं तर खातंच बंद करतात.

ते खोक्याची सुतळी गुंडाळत राहिले.
"बरोबर आहे.
आपल्या घोड्यावर आपण दलाली खात नसतो."

मग खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला
आणि खालून बोटं धरली.
अंगठा. मग दोन. मग थोडा दाब.
नजर खिडकीबाहेर, कुठल्यातरी पुलावर.

आकडा मला कळला.
तो मी इथं लिहिणार नाही.